धवलेरीचे दात

दातांच्या दवाखान्यात सात वर्षं कामाला असलेल्या बाईच्या सख्ख्या फुईच्या तोंडात पुढचा एक दात उरू नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी स्वतःला शिव्या घालून दमले.

फुई म्हणजे बापाची बहीण. नाव रूपी. माहेर आमचं गंजाड, दिली तलासरीकडे, उधव्याला. भात, नाचणी, चार कोंबड्या, असं सगळ्यांचं असतं तसंच घर. पण तिला सगळा मुलूख ओळखतो तो वेगळ्याच कारणाने. ती धवलेरी. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्यासमोर ती बसते, आणि गाणं म्हणत म्हणत एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. नवरानवरीची नावं त्याच गाण्यात गुंफते. ती गात नाही तोवर भिंतीवर नुसतं पीठ. आणि शब्द खणखणीत पाहिजे! नाव अर्धं तोंडात राहिलं तर देव दुसऱ्याच कुणाच्या मांडवात जाईल, असं म्हातारी माणसं म्हणतात. आता अशा बायका राहिल्यात किती? डीजे मात्र पाड्यापाड्यावर दोन-दोन.

हे गाणं तिला कुणी वहीत लिहून दिलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासू धवलेरी होती. फुई तिच्या मागे बसायची आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक उचलायची. दहा-बारा वर्षं अशीच गेली. सासू वारल्यावर पहिल्या लग्नात एकटी बसली तेव्हा सवयीने दुसऱ्याच कुणाच्या ओळीची वाट बघत बसली होती, असं ती हसत सांगायची. तिची जीभ मोठी तिखट. एकदा नवऱ्यामुलाचा मामा मांडवात फार पुढे पुढे करत होता, तर ती म्हणाली, "तुझं लगीन झालंय ना रे? मग बस गप, तुझ्यावेळचे देव अजून थकलेत." सगळा मांडव हसला. मामा पण हसला बिचारा.

एकच खोड. मशेरी. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरायची आणि बोटावर घेऊन हिरड्यांना घासत बसायची. दुपारी एकदा, झोपताना एकदा. मी ओरडले की म्हणायची, "तू घासतेस ना ती पांढरी पेस्ट? मग तुझी दाढ का किडली?" कपाळ माझं!

मागच्या वर्षी पौषात ती डहाणूला आमच्या दवाखान्यात आली. खालचा दात हलत होता. चपला बाहेर काढून, लुगडं सावरत आत शिरली आणि सगळ्यांसमोर हाक मारली, "कविते!" बाकावर दोन चिकूवाडीवाल्यांच्या बायका बसल्या होत्या, एक बँकेतले साहेब होते. आणि मी काय म्हणाले? "बसा मावशी." सख्ख्या फुईला मावशी! वर "बसा"! ती बसली.

डॉक्टर वाईट नाहीत. हात हलका आहे त्यांचा. पण वाडीवाल्या बायकांना हातात आरसा देऊन पाव तास समजावतात आणि लुगडेवाल्या बाईशी माझ्याकडे बघून बोलतात. "यांच्या हिरड्या सुटल्यात. खालचं हाड झिजतंय. पण अजून वेळ गेलेली नाही. आज साफ करून देतो. मशेरी बंद करायची आणि रोज दातांच्या फटी धुवायच्या." धाग्याने फटी साफ करायला दाखवलं, तर तिच्या बोटांत तो धागा ठरेना. आयुष्यभर विळा धरलेली बोटं ती. मग डॉक्टर म्हणाले, वॉटर फ्लॉसर घ्या. पाण्याची बारीक धार जोरात सुटते, फटीत अडकलेलं सगळं बाहेर.

फुईने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "गाता येल ना?"

"येईल," डॉक्टर म्हणाले, "नीट वापरलं तर दात टिकतील."

तिचा मुलगा रूपेश हद्दीपलीकडे गुजरातेतल्या कंपनीत जातो. पोरगा आईवर जीव टाकतो, हे खरं बोललंच पाहिजे. त्याने फोनवरून मशीन मागवलं. पाड्यापर्यंत कुरिअरवाला येतो कुठे? चारोटीच्या नाक्यावर जाऊन रूपेश खोकं घेऊन आला. रविवारी मी उधव्याला गेले, दाखवायला.

काय मजा आली त्या दिवशी! शेजारच्या बायका, पोरं, सगळी ओट्यावर. मी सांगितलं, टाकीत कोमट पाणी भरायचं, आधी नळी तोंडात घालायची, ओठ हलके मिटायचे, खाली वाकायचं आणि मग बटण दाबायचं. धार हिरडीच्या कडेने एकेका फटीत न्यायची, पाणी आपोआप खाली गळतं. फुईने आधी बटण दाबलं! धार थेट शेजारच्या काळीच्या डोळ्यांत. काळीबाय किंचाळली, "अगं मेले, माझे दात खाली हायत!" हसून हसून पोटात दुखलं. पोरांनी नाव ठेवलं पिचकारी. तिसऱ्या खेपेला फुईला जमलं. तोंड पुसून म्हणाली, "गार वारा शिरल्यासारखं वाटतंय गं दातांत." तेवढ्यात रस्त्यावरून इकोवाल्याने हॉर्न मारला, ती शेवटची गाडी. मी पिशवी उचलून पळाले.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली.

दवाखान्यात मी ती दिवसाला वीस जणांना सांगते. पाठ झालीय मला. "पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल. हिरडी सुजलेली असते म्हणून येतं. घाबरून बंद करू नका, सूज उतरली की थांबतं." वाडीवाल्यांना सांगते, बँकेतल्या साहेबांना सांगते. फुईला सांगितली नाही. खोक्यातला कागद इंग्रजीत होता, तो तिच्या घरात वाचणार कोण? रूपेश फक्त चार्जिंगचं चित्र बघून मोकळा झाला.

दर आठवड्याला मी फोन करायचे. "फुई, पिचकारी चालू आहे ना?" "चालूय, चालूय." मीही खूश. माघ गेला, होळी गेली, वैशाखापर्यंत तिची लग्नं चालली. मग पाऊस, लावणी. मला वेळ नाही, तिला वेळ नाही. दिवाळीला ती गंजाडला माहेरी आली ती तोंडावर पदर धरूनच. मी पदर ओढला. वरचे दोन दात गेलेले. बाकीचे पुढचे बोट लावलं तर हलत होते.

"मशीनचं काय केलंस?" मी तिच्या अंगावरच गेले.

तिने पदर पुन्हा तोंडावर घेतला. सून वर्षा सोबत आली होती, ती बोलली. तिसऱ्याच दिवशी रक्त आलं होतं. पाण्याबरोबर लालच लाल. आणि आठ दिवसांवर एक लग्न होतं. फुईने खोकं बंद केलं, माळ्यावर टाकलं आणि पुन्हा मशेरी घेतली. मशेरीने रक्त थांबलं. थांबणारच! तंबाखू हिरडीला असं आवळून धरते की वरून सगळं बरं दिसतं आणि आतून पोखरतं. पण तिला ते कसं कळणार? तिच्या हिशेबाने मशीनने तोंड फोडलं आणि मशेरीने सांधलं.

"अगं, पण मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? ज्या तोंडानं देव बोलवायचे त्या तोंडातून रगत आलं, असं सांगू? गावात कळलं असतं तर कुणी मना मांडवात बसवलं असतं? मी आपल्या देवांची, हिरव्याची, हिमाईची माफी मागितली. कोंबडा दिला." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ते रगत येतंच, असं हाय का?"

"येतं. दहा दिवस. मग थांबतं."

"तुला ठाव होतं?"

"होतं."

तिने शिवी दिली असती, झाडू हाणला असता तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि वाल सोलायला बसली. मी मागच्या दारी जाऊन रडले. भावाचं, नविनचं, लग्न ठरलेलं होतं फाल्गुनातलं, आणि ते तीच लावणार होती. नविनच्या जन्माच्या वेळी तिने सांगून ठेवलेलं.

पुढचं सगळं बैल गेला नि झोपा केला. डॉक्टरांनी वरचे पुढचे उरलेले चारही काढले, खालचे तीन. हिरड्या भरेपर्यंत थांबलो. मग कवळी बसवली. दिसायला छान! फुईने आरशात बघून तोंड वाकडं केलं, "हे कुणाचे दात गं?" बोलताना चालायचं. पण गाणं म्हणजे काय बोलणं आहे? आवाज वर चढवला की कवळी सुटायची, खटखट वाजायची. डॉक्टरांनी दोनदा घासून दिली, चिकटवायची पावडर दिली. माझ्यासमोर आमच्या घरात बसून तिने सराव केला. चौथ्या ओळीला कवळी मांडीवर पडली. कवळी काढून गायली, तर शब्द ओठांतून नुसता वारा होऊन बाहेर पडत होते. देवांची नावं मलाच कळेनात, आणि मी लहानपणापासून ती ऐकत आले.

मग रूपेशला युक्ती सुचली. दोन वर्षांपूर्वी पाड्यावरच्या सुरज आणि जिजाचं लग्न तिने लावलं होतं, त्याने ते पूर्ण फोनवर भरून ठेवलं होतं. "आई, तुझाच आवाज आहे ना? मग तू बस, गाणं फोन म्हणेल." घरातले सगळे म्हणाले, वा! मीसुद्धा म्हणाले. आता लाज वाटते.

नविनच्या लग्नात चौकासमोर फुई बसली, शेजारी डीजेवाल्याचा स्पीकर. काय आवाज होता तिचा! खणखणीत, एकेक अक्षर वेगळं. फुई पदराआड ओठ हलवत होती. फक्त नावं आली की रूपेश फोन थांबवायचा, कारण त्यात सुरज आणि जिजा होते. तेवढ्यापुरता पदर बाजूला करून फुईने म्हणायचं, नविन, योगिता. तिने म्हटलं. मागे नवरीकडची पोरं फिदीफिदी हसली, एकाने तिची नक्कल केली. मी उठून त्याच्या कानाखाली वाजवली, भर मांडवात. लोक मलाच बोलले. फुई एवढंच म्हणाली, "बस गं कविते, हसतील त्यांचे दात दिसतील." आणि रूपेशला खूण केली, चालू कर.

लग्न लागलं. नविन-योगिता सुखात आहेत. लोक खूश झाले, कारण गाणं एक ताससुद्धा चाललं नाही, रूपेशने मधलं मधलं पुढे ढकललं होतं आणि डीजे लवकर सुरू झाला.

मागच्या महिन्यात मी कवळी पुन्हा घासून आणली, ती द्यायला उधव्याला गेले. शेजारच्या पाड्यावर लग्न होतं. फुई सकाळीच आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. केसांत फूल. मला म्हणाली, बरं झालं आलीस, माझ्यासोबत चल. एवढ्यात रूपेश आतून आला, स्पीकर मोटारसायकलला बांधला, फोन खिशात टाकला.

"आई, तू कशाला येतेस उन्हात? लग्नवाल्यांनी नवरानवरीची नावं पण भरून घेतलीत. दुसऱ्या कुणाकडून तरी म्हणवून. मशीनने जोडतात म्हणे, कळत पण नाही."

मोटारसायकल गेली. मी तिच्या शेजारी बसले, कवळीची डबी हातात.  ती रस्त्याकडे बघत होती.

"त्यांना मी नको," ती म्हणाली. "माझं गाणं पाहिजे."

आणि केसांतलं फूल काढून ओट्यावर ठेवलं, लुगडं बदलायला आत गेली.