साच्यातलं मेण

आखातातल्या मुसफ्फामधल्या आमच्या कारखान्यात कमरुद्दीनचाचा अठ्ठावीस वर्षं साचे घासतायत. माणूस दाभोळचा, बोलणं मोजकं, आणि खोड एकच: नवा साचा मशीनवर चढवण्याआधी त्यात मेणबत्त्या वितळवून ओतायच्या. मेण गार झालं की साचा उघडायचा. तुकडा अख्खा सुटला, तरच साचा पुढे जाणार.

मी सुदेश, साच्यांचं डिझाइन कॉम्प्युटरवर करणारा. तेव्हा प्रोबेशनवर होतो आणि डोक्यात हवा होती. "चाचा, सॉफ्टवेअरने सगळं चेक केलंय," मी म्हणालो. उंटावरचा शहाणा!

"असेल रे. मेणाला ते माहीत नाही ना," म्हणत चाचा ओतू लागले.

तुकडा निम्मा आतच राहिला. रस्त्यावरच्या दिव्याच्या झाकणाचा साचा होता तो. तुकडा सुटायला साच्याच्या भिंतींना किंचित तिरका उतार लागतो, आणि एका बाजूला तो द्यायलाच मी विसरलो होतो. वितळलेलं ॲल्युमिनियम तिथे चिकटलं असतं तर साचा बाद आणि मी परतीच्या विमानात.

"घाबरू नको. लोखंड वाढवता येत नाही, कमी करता येतं. नशीब तुझं, इथे घासून भागेल," चाचा म्हणाले. तीन दिवस ते घासत होते आणि मी मापं घेत होतो.

चौथ्या दिवशी पहिलं झाकण अलगद सुटलं. मॅनेजर अजीजसाहेब खूश झाले, मग कपाळाला आठी. "तीन दिन लेट क्यों?"

"मेरी वजह से, साहब. उमर हो गई, हाथ नहीं चलता," चाचा म्हणाले.

पुढच्याच महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. साठीला आलेल्या माणसाने असं बोलणं म्हणजे आपल्या हाताने आपलं तिकीट काढणं. मला गप्प बसता आलं असतं. क्षणभर बसलोही, त्याची लाज अजून वाटते.

"सर, गलती मेरे ड्रॉइंग की थी. चाचाने साँचा बचाया."

माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं, चाचांचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं. कंपनीच्या बसमध्ये ते माझ्यावर भडकले. "कशाला तोंड उघडलंस? मी गेलो असतो तर पोराबाळांत गेलो असतो. तू काय सांगितलं असतंस घरी?"

आईबापांनंतर माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं.