जास्वंदीची मुळं

लोहाऱ्याला जाणारी एसटी सेवा नुकतीच सुरू झाली होती. थांब्यावर माझ्या शेजारी एक अनोळखी बाई जास्वंदीचं उपटलेलं झाड मांडीवर घेऊन बसली होती. मुळांवर पांढरट, बुळबुळीत थर धरला होता. ती पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

"खारं पानी बाधलं असंल का वो? शेतकी हापिसात दावते," ती म्हणाली. "अंगनात सासऱ्याच्या खाटंला लागूनच व्हतं. त्ये बी आजारी हायेत. गूळ घातलेलं दूध तेवढं घेत्यात, तरी वाळतच चाललेत."

मी वाकून वास घेतला. "आंबलेल्या दुधासारखा येतोय," मी म्हणाले.

तिनं तो थर बोटावर घेतला आणि सरळ जिभेला लावला. मला शिसारी आली. पण तिचं बोट ओठांपाशीच थांबलं.

"गूळ हाय ह्यात," ती म्हणाली.

एसटी आली, पण ती चढली नाही. झाड बाकावर ठेवून ती घराकडं वळली.

"रोज रिकामी वाटी हातात देत्यात," जाता जाता म्हणाली, "आन् म्हनत्यात, लई ग्वाड व्हतं, पोरी."