भाऊजींचा लाल ठिपका

शनिवारी दुपारी मी उशांना अभ्रे चढवत होते. दोन झाले, दोन उशा उघड्याच होत्या, तेवढ्यात धाकटे भाऊजी दारात. हातात कॅमेऱ्याची पेटी, चेहरा उतरलेला.

"वहिनी, खिडकीजवळचं टेबल रिकामं करून द्या. आणि पंखा बंद."

दुकानाचं काम भाऊजींनी आजवर घरी आणलं नव्हतं. सव्वीस वर्षं एकाच दुकानात, एकाच टेबलाशी कॅमेरे दुरुस्त करत बसलेला माणूस. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "बायको बिघडली तर सुटे भाग कुठून आणू?" आमच्या कपाटाची कडी दोन वर्षं लोंबते आहे, तिला यांचा हात लागत नाही, पण कॅमेऱ्यातल्या तिळाएवढ्या स्क्रूसाठी जेवण विसरतील.

या वेळी मात्र गळ्याशी आलं होतं. शाळांचे फोटो काढणाऱ्या एका बाईंचा कॅमेरा तिसऱ्यांदा परत आला होता. मागची भिंत लख्ख, पुढची मुलं धूसर. मालकांनी बजावलं होतं, "दुरुस्ती तूच केलीस. सोमवारपर्यंत दोष शोध, नाहीतर टेबल जावयाला देतो."

"बारीक अक्षरांचं काही आहे का?" भाऊजींनी विचारलं. मी माझी पोथी दिली. हात धुऊन मगच त्यांनी ती घेतली. पोथी उभी केली, तिच्याशेजारी तिरपी पट्टी ठेवली, कॅमेरा तिवईवर चढवला. प्रत्येक वेळी भिंगाचं कडं हाताने मुद्दाम भलतीकडे फिरवायचे, मग बटण अर्धं दाबून कॅमेऱ्याला आपलं आपण अक्षर शोधायला लावायचे आणि फोटो घ्यायचे.

"हलू नका, वहिनी. फरशी हादरते."

"एवढी काही जाड झाले नाही मी!"

दहा फोटो. मग दुसरं भिंग लावून आणखी दहा. मोठे करून पाहिले तर अक्षरं पुसट, आणि पट्टीवरच्या दोन बोटं मागच्या रेघा स्वच्छ.

"वीसच्या वीस वेळा तेवढंच मागे," ते म्हणाले. "बाईंचा हात हलत असता तर कधी पुढे, कधी मागे गेलं असतं. भिंगाचा दोष असता तर दुसऱ्या भिंगाने सुटलं असतं. दुखणं पोटात आहे."

भिंग काढून त्यांनी आत बॅटरी मारली. मोठ्या आरशामागे एक छोटा आरसा असतो, तो एका पिनेवर टेकतो; त्याच्या कलावरून कॅमेरा अंतर ओळखतो. ती पिन बसवली की भाऊजी तिच्यावर नखं रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका देतात. ती बाटली एकदा त्यांच्या खिशात पाहून मी "कुणाची हो?" म्हणून चिडवलं होतं, तर कानापर्यंत लाल झाले होते. पिन कुणी फिरवली की ठिपका फुटतो. त्यांनी मला बहिर्गोल भिंगातून दाखवलं. ठिपका दुभंगलेला होता.

"माझ्यामागे कुणीतरी फिरवलीय. दुकानात मी सोडून अवजाराला हात लावतो तो जावईच. मोबाईलवर बघून शिकतोय."

त्यांनी पिन जागेवर आणली. पुन्हा दहा फोटो. आता पोथीच्या कागदाचे तंतूसुद्धा दिसत होते. मी हात जोडले.

सोमवारी ते परतले आणि चपला न काढताच बसले. मालकांनी ठिपका पाहिला, चूक जावयाची हे मानलंही. मग म्हणाले, "जावयाचं नाव नको, घरचा माणूस आहे. बाईंना सांग की तुझाच हात चुकला. तुझं टेबल कुठे जात नाही."

"काय करू, वहिनी?"

"देव सगळं बघतो, भाऊजी," मी म्हटलं. "एक वाक्य बोलून टाका. टेबल तर राहील."

देवाचं नाव मी किती चटकन पुढे केलं! खरं तर भाऊजी उद्यापासून दिवसभर घरात बसतील, याचीच मला धास्ती होती.

आज सकाळी ते बोलले. बाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "तीन शाळांची बोलणी खाल्ली मी. या माणसाच्या हाती माझी वस्तू पुन्हा द्यायची नाही." दुपारी मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाचा विश्वासच उडाला. माझा नाइलाज आहे."

भाऊजी अवजारं आवरत होते, तेव्हा जावयाने त्यांना विचारलं, "काका, ती पिन कुठल्या बाजूला फिरवायची?"

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. नाहीतर आणखी कुणाचा तरी कॅमेरा बिघडवेल."

एवढंच बोलले. मला एका शब्दाने दोष दिला नाही; दिला असता तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मी जपाला बसले, पण देवापुढे मान वर करवेना.

एका चष्म्याच्या दुकानात फ्रेमींचे स्क्रू बसवायला माणूस हवा आहे म्हणतात. उद्या दहा वाजता भाऊजी तिथे काम विचारायला जाणार आहेत.