फियाटची मागची काच

शिवदासने आजवर ज्यांना मारलं, त्यांच्यापैकी बहुतेकांशी त्याचे संबंध चांगले आहेत. निदान त्याच्या बाजूने. मारून झालं की त्याच्यापुरता विषय संपतो. ज्याचा दात पडला त्याने तो का धरून ठेवावा, हे त्याला खरोखरच कळत नाही.

खारेपाटात, पोयनाडच्या अलीकडे त्याचं घर आहे. मागे भातशेती, पुढे अंगण, आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली वडिलांनी घेतलेली पांढरी फियाट. शाळेत असताना त्याने ड्रिलमास्तरांची छडी मास्तरांच्याच पाठीवर मोडली आणि शिक्षण आटोपलं. विशीत, किनाऱ्यावरच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत कोणीतरी त्याच्या बैलाला आडवी काठी घातली. शिवदासने ती काठी काढून घेतली आणि त्या माणसाच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढे त्याच माणसाच्या हळदीला तो आहेर घेऊन गेला. नवरदेवाचा हात वर होत नव्हता, म्हणून मुंडावळ्या बांधायला यानेच मदत केली. बायकोवर, मनुबाईवर, त्याने एकदा हात उगारला होता. ती तेव्हा कोयत्याने नारळ सोलत होती. तिने कोयता खाली ठेवला नाही आणि हातही थांबवला नाही, नुसतं वर पाहिलं. तो प्रकार पुन्हा झाला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी प्रणाली. या घरातली पोर फियाटमधूनच सासरी जाते. शिवदासच्या बहिणी तशाच गेल्या, आणि मनुबाई याच गाडीतून या घरात आली. साखरपुड्याच्या दिवशी पंगत उठली आणि मनुबाईचा धाकटा भाऊ अल्पेश पान चघळत शेडपाशी आला. तो रेवसकडचा, बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवणारा. त्याची स्वतःची नवी, उंच, काळी गाडी रस्त्यावर उभी होती, आणि ती सगळ्यांना दिसावी अशीच उभी होती.

"दाजी, या डब्यातून पोरीला पाठवू नका," तो म्हणाला. "माझी गाडी हाय ना. एसी हाय. यात नवरी सासरी वडखळला पोचेपर्यंत इडलीसारखी उकडंल."

"डबा?" शिवदास म्हणाला.

"मंग काय. डबाच हाय तो."

शिवदासने एका हाताने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याने पट्टा, आणि डबा किती मजबूत आहे हे दाखवण्यासाठी त्याला डोक्याकडून गाडीच्या मागच्या काचेत घातलं. काचेची साखर झाली. आत जाताना अल्पेशचा डावा कान खिडकीच्या पत्र्याच्या कडेला अडकला आणि अल्पेशपेक्षा थोडा मागे राहिला. पांढऱ्या डिकीवरून रक्ताचे ओघळ नंबरप्लेटपर्यंत आले. व्याह्यांच्या हातात विडे तसेच राहिले. नवऱ्या मुलाचे वडील बराच वेळ गाडीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पत्रा मात्र जुन्या जमान्यातला हाय."

इस्पितळात अल्पेशने सांगितलं की तो गाडीवर पडला. "कानावर?" डॉक्टरने विचारलं. पोलिसात तो गेला नाही. शेवटी शिवदास बहिणीचा नवरा होता. कान शिवला, पण जरा तिरका बसला. पुढे कितीतरी दिवस केस विंचरताना फणीत काचेचे दाणे येत होते. दुसऱ्या दिवशी त्याचे चुलतभाऊ टेम्पो भरून आले. शिवदास जॅकचा दांडा घेऊन अंगणात उभाच होता. एकाचं मनगट गेलं, एकाचं नाक, शिवदासच्या दोन बरगड्या गेल्या, आणि टेम्पो गेला तेव्हा तुळशीवृंदावन आडवं होतं. त्यानंतर शिवदासच्या बाजूने विषय संपला.

अल्पेशच्या बाजूने नाही. तो म्हणाला, ज्या घरात माझा कान सांडला, त्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाय.

आणि नवरीला हात धरून मंडपात आणायचं, ते मामाने. मामा तिला आणतो, मग अंतरपाट, मग बाकीचं सगळं. प्रणालीला मामा एकच.

"मामा न्हाय आला तर मी खोलीतून बाहेर येनार न्हाय," तिने बापाला सांगितलं. "मंग तुमी मांडवात ज्याला मारायचं त्याला मारा."

ती बोलते ते करते, हे शिवदासला ठाऊक होतं. ती त्याचीच मुलगी होती. पण अल्पेशकडे जाऊन बोलायचं काय? माफी हा शब्द त्याच्या चांगला परिचयाचा होता, पण तो कायम समोरून आलेला. स्वतः तो कसा उच्चारायचा, याची त्याला सवय नव्हती. काच मात्र त्याला समजत होती. म्हणून तो काच शोधायला लागला.

वडिलांच्या गाडीची इज्जत राखायला त्याने गाडीतली नेमकी तीच वस्तू फोडली होती, जी आता कुठेच मिळत नाही. शेवटी किहीमला, सुरूच्या झाडांखाली, कुणा मुंबईकराच्या बंगल्यामागे तशीच एक फियाट सापडली. चाकं नव्हती, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि काच धड होती. बंगला राखणाऱ्या दयारामने शिवदासचं नाव ऐकलेलं होतं. त्याने मालकाला फोन लावला, मालक म्हणाला खुशाल न्या, आणि मग दयाराम काच निघेपर्यंत नारळाच्या झाडामागून बोलत राहिला. शिवदासने सुरीने जुनं रबर कापलं, इंच इंच, कोंबडीला न उठवता. काच गोधडीत गुंडाळून, मांडीवर आडवी धरून तो सहासीटरने घरी निघाला. वाटेत एका जाड्या माणसाने चढताना त्याच्या पायावर बूट ठेवला आणि तिथेच राहू दिला. शिवदासचे दोन्ही हात काचेला होते. तो नुसता त्या माणसाकडे बघत राहिला. माणूस पुढच्या थांब्यावर उतरला. दोघांनाही हा अनुभव नवा होता.

काच घरी आली, बसवणार कोण? जुन्या गाडीच्या काचा बसवणारे आसपास फार नाहीत. एकाला शिवदासने क्रिकेटच्या सामन्यात स्टंपने मारलं होतं. दुसऱ्याचा जबडा त्याने कुठल्याशा निवडणुकीत हलवला होता. तिसऱ्याने फोनवर आवाज ओळखला आणि दुकान बंद असल्याचं सांगितलं. मागे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. उरला एकच. ट्रेलरवर जाण्याआधी तो पेणच्या गॅरेजमध्ये हेच काम करायचा. त्याचा डावा कान तिरका होता.

शिवदास रेवसला गेला. अल्पेश दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"काच मिळाली," शिवदास म्हणाला.

"मंग?"

"बसवायला मानूस न्हाय."

"सगळ्यांना मारून झालं वाटतं."

"व्हय."

अल्पेशने कान चाचपला. "पोर काय बोलते?"

"तू न्हाय आलास तर खोलीतून येनार न्हाय बोलते."



"काच बसवीन," अल्पेश म्हणाला. "अंगणापर्यंत येईन. उंबऱ्याचं मंग बघू."

या कामाला दोन माणसं लागतात. काचेच्या कडेने रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी फिरवायची, दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची आणि काच बाहेरून खिडकीवर टेकवायची. आतला माणूस दोरी ओढत जातो, तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढतं. आणि जिथे दोरी निघते तिथे बाहेरच्याने तळव्याने काचेवर मारायचं. आतला माणूस जाणकार लागतो. बाहेरचा मारणारा हवा, आणि तो घरातच होता.

अल्पेशने जाळ्याची नायलॉनची दोरी आणली होती. मनुबाईने साबणाचं पाणी दिलं. अल्पेश मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसला. तोंड काचेसमोर, एका वितीवर. काचेच्या पलीकडे शिवदासचा पंजा.

"मी सांगेन तितंच मारायचं," अल्पेश आतून म्हणाला. "सांगेन तेवढंच. न्हाय सांगितलं तर हात खिशात."

"हं."

"मार. हलका."

पंजा काचेवर पडला आणि अल्पेशची मान आपोआप खांद्यात गेली. दोरी सरकली. पुन्हा पंजा, पुन्हा मान. खालची बाजू बसली.

"हलका बोललो ना. दाजी, ती काच हाय, सरपंच न्हाय."

उजवी बाजू बसली, वरची बसली. प्रणाली दाराशी येऊन उभी होती. डाव्या वरच्या कोपऱ्यात दोरी अडली. अल्पेशने ओढली, काच करकरली. तिरका कान नेमका त्या कोपऱ्याशी होता.

"इथं आता जोरात पायजे. एकच. चुकला तर गेली काच."

शिवदासने हात वर नेला. हात वरच राहिला. कोणी धरला नव्हता, समोर कोयता नव्हता, तरी तो खाली येईना. काचेतून त्याला शिवलेला कान दिसत होता. टाके त्याने आजवर जवळून पाहिले नव्हते.

"मार ना."

"न्हाय होत."

"मार, दाजी. दोरी तुटंल."

"न्हाय रे होत."

अल्पेशने दोरी मनगटाला गुंडाळली आणि डोळे मिटले.

"डबा हाय हा," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा डबा. भंगारवाला पन घेनार न्हाय."

पंजा आला. दोरी सुटली, रबराने पत्रा गिळला, आणि काच धप् आवाज करून जागेवर बसली. अख्खी.

अल्पेशने डोळे उघडले. काच चारही बाजूंनी तपासली, रबरावरून अंगठा फिरवला. मग गाडीतून उतरला, दार हळू लावलं, मनगटाची दोरी सोडून गुंडाळी करून खिशात ठेवली, आणि शिवदासच्या तोंडावर ठोसा मारला.

ठोसा चांगला होता. ट्रेलरचं स्टिअरिंग वळवणारे हात. शिवदासचा ओठ फाटला, पुढचा दात हनुवटीवर आला. तो मागे गेला, आणि मागे फियाट होती. तीस वर्षं मारामाऱ्या केलेल्या माणसाला पडताना आधार कुठे घ्यायचा हे पाठ असतं. पण काचेवर पाठ टेकणार तेवढ्यात त्याने अंग मुरडलं आणि आधार सोडून कुशीवर, साबणाच्या पाण्यात, दुखऱ्या बरगड्यांवर आपटला. त्याला असा पडलेला गावात कोणी पाहिला नव्हता. तो उठला. अल्पेश मुठी आवळून वाट पाहत होता. शिवदासने रक्त थुंकलं आणि काचेवर उडालेला थेंब सदऱ्याच्या बाहीने पुसला.

"काचेला काय झालं न्हाय ना?" मनुबाईने ओटीवरून विचारलं.

"न्हाय," दोघं म्हणाले.

"मंग हात धुवा. जेवन वाढलंय."

अल्पेशने प्रणालीकडे पाहिलं. ती दारातून बाजूला झाली नाही. हात पुढे करून उभी राहिली. त्याने तो धरला आणि उंबरा ओलांडला.

लग्नाच्या फोटोंत मामाचा कान आणि बापाचा ओठ एकाच चौकटीत येतात. फोटोग्राफरने पुष्कळ कोन बदलून पाहिले. पाठवणीची रडारड झाली, प्रणाली फियाटमध्ये बसली, आणि फियाट सुरू झाली नाही. तेव्हा मामा आणि बाप मागे गेले, डिकीला हात लावले, काचेला न लावता, आणि ढकलू लागले. प्रणाली वळून बघत होती. तिला आवाज येत नव्हता, पण मामाचे ओठ हललेले दिसले.

"डबाच हाय," अल्पेश म्हणाला.

शिवदासचे दोन्ही हात तेव्हा गाडीला होते.