ही मुलगी कुणाची?

गुरुवारी अर्ध्या दिवसाचं काम संपलं की बाई चष्म्याची दांडी टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "यल्ला, चला, आता मेलेल्यांकडे!"

बाई अमेरिकन. बहारीनमधे, अदलियातल्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या इंग्रजी पत्रं तपासायच्या, मी ती टाइप करायचे. गुरुवारच्या दुपारी त्या आपल्या पूर्वजांचा माग काढायच्या, ती टिपणंही मीच टाइप करायचे. बाईंचा नवरा सित्राला इंजिनियर होता. तो वारल्यावरही त्या जनाबियाच्या घरात एकट्याच राहिल्या. परत का जात नाही असं विचारलं, तर म्हणायच्या, "तिकडे माझ्या ओळखीचे सगळे थडग्यात आहेत."

त्या सगळ्यांत लाडकी हॅना. बाईंच्या पणजीची आई. बैलगाडीत संसार घालून, नदी ओलांडून, जिथे गोऱ्यांची वस्तीच नव्हती अशा रानात ती नवऱ्यामागे गेली. तिचा नवरा, तिची मुलं, तिची कबर, सगळं बाईंना सापडलं होतं. सापडत नव्हते ते तिचे आईबाप. "ही मुलगी कुणाची?" बाई पुनःपुन्हा विचारत. "माणूस काय गाडीत उगवतं?"

आमचा रत्नागिरीचा क्लार्क मराठीत पुटपुटायचा, "आमची जिवंत माणसं सांभाळवत नाहीत, हिला मेलेली हवीत!" पण बाईंसाठी चहा तोच आणायचा.

एका गुरुवारी हॅनाच्या मुलांची नावं टाइप करताना मी थांबले. नवऱ्याचं शेत ओहायो राज्यात. थोरली मार्था मात्र नदीअलीकडच्या केंटकीत जन्मलेली.

"मॅडम, ही माहेरी गेली असणार. पहिलं बाळंतपण आईकडे."

बाई हसल्या. "ती तुमची पद्धत, पोरी. आमच्यात तसं काही नाही."

"पद्धत नसेल. आई तर असेल ना?"

माझा मुलगा इथेच जन्मला. माझ्या आईचा व्हिसा तेव्हा झाला नव्हता. त्या दिवसांत खोलीच्या दाराकडे किती वेळा पाहिलं असेल, ते माझं मला माहीत. बाईंना हे मी कधी सांगितलं नाही. पण इतके दिवस फक्त ओहायोत शोधणाऱ्या बाईंनी केंटकीतल्या, मार्थाच्या जन्मगावच्या चर्चला पत्र घातलं.

उन्हाळा सरता सरता उत्तर आलं. हॅनाचा बाप्तिस्मा तिथलाच होता. आईचं नाव मेरी. बाईंनी चष्मा काढला, पण टेबलावर आपटला नाही. "पोचली गं घरी," एवढंच म्हणाल्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: शोध संपला की ती थकतात. पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांचा मुलगा विमानाने आला. मनामाच्या दफनभूमीत आम्ही चारपाच जणच होतो. पाद्रींनी प्रार्थनेसाठी बाईंच्या आईवडिलांची नावं विचारली. वडिलांचं त्याने सांगितलं आणि मग तो अडखळला. "आजीचं... आम्ही तिला नुसतं ग्रॅनीच म्हणायचो."

"रूथ," मी म्हणाले. पाद्रींनी मान हलवली, पण मला थांबता आलं नाही. "रूथ एलेनची. एलेन मार्थाची. मार्था हॅनाची. हॅना मेरीची."

वाऱ्याने थोडी वाळू उडाली. मग माणसं माती लोटू लागली.