दादाचा आवाज आणि मावशीचा कॉम्प्युटर

कपडे उसवून पुन्हा बेतशीर करून देण्यात मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं आत गेलं, हे गल्लीत सगळ्यांत आधी तिला कळे, आणि ती ते पोटातच ठेवी. दुकान म्हणजे एक खोली, शिलाई मशीन आणि कोपऱ्यात शेजारच्या छापखान्यानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर.

तिचा दादा बस चालवता चालवता निवृत्त झाला आणि त्याला इंटरनेटवर रेडिओ चालवायचं खूळ लागलं. जन्मभर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे न गेलेला माणूस रोज दुपारी माइकसमोर बोलत सुटतो, असं वहिनीनं सांगितलं तेव्हा मावशीचा विश्वासच बसेना. आता हे ऐकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

पण ब्राउझर ऐकवायला तयार नव्हता. दादाच्या पानावर ‘ऐका’ दाबलं की तो विचारी, ही फाइल उघडू की ठेवून देऊ? उगाच काही बिघडायला नको म्हणून मावशी ‘ठेव’ म्हणे. रोज एक चिमुकली फाइल येऊन पडे आणि दादा मुकाच राही. शेवटी वैतागून तिनं एक फाइल लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. आत कसल्याशा पत्त्याची एकच ओळ होती. ती तिनं फोनवर वाचून दाखवली आणि वहिनीला हसू आवरेना.

“अगं, तू नुसते पत्ते गोळा करतेयस. त्या पत्त्यावर जाणार कोण?”

मग वहिनीनं नीट समजावलं. ब्राउझर जुना, वाजवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. त्यानं पत्ता पुढे द्यायचा, वाजवायचं काम दुसऱ्या प्रोग्रॅमचं. मावशीला हे तत्काळ पटलं. तीही शर्टांची काजं बाहेरूनच करून घेई. गाणी वाजवायचा प्लेअर कॉम्प्युटरमध्ये पडूनच होता. ब्राउझरनं पुन्हा विचारल्यावर तिनं ‘उघड’ म्हटलं, प्लेअर दाखवून दिला आणि ‘नेहमी असंच कर’ या चौकटीत खूण केली. प्लेअर उघडला. मग खाकरणं, अस्सल दादाचं.

तो सांगत होता, शेवटची काही वर्षं त्याची बस बहिणीच्या दुकानामागच्या रस्त्यानं जायची. रोज तिथं तो दोनदा हॉर्न वाजवायचा. ती कधी खिडकीत आली नाही. कामात असेल, असं म्हणून तो पुढे जायचा.

मावशीच्या हातातली कात्री थांबली. समोर अर्धी पँट टाचून घेतलेलं गिऱ्हाईक उभं होतं, तरी तिनं फोन लावला.

“दादा, तो हॉर्न तुझा होता?”

“मग कुणाचा?”

“अरे, मी रोज शिव्या घालायचे त्याला.”

दादानं फोन माइकजवळच धरला होता. रेडिओवर बोलणं काही क्षण उशिरानं पोचायचं, त्यामुळे फोन ठेवल्यावर मावशीला कॉम्प्युटरमधून आपलीच कबुली ऐकू आली. गिऱ्हाईक हसताना हललं आणि त्याला टाचणी टोचली. आणि जन्मात न हसलेला दादा त्या पत्त्यावरून असा काही हसत होता, की मावशीनं आवाज वाढवला आणि पँट तशीच राहू दिली.