बिनधुराचा जाळ

बनाबाईचं गाव भाटघरच्या धरणामागं होतं. नव्या धरणाची भिंत उंच झाली, पाणी चढत चढत खालच्या आळीपर्यंत आलं, तशी माणसं जागा मिळेल तिकडं पांगली. बनाबाईचा नवरा सोनबा त्याआधीच तापानं गेला होता. एकुलत्या एक पोराला, गेनूला, घेऊन ती भोरात आली. गेनू शिवणकाम शिकला, बाजारपेठेत एका दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसू लागला, आणि नदीकडच्या आळीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन मायलेकरांनी संसार मांडला.

गावाकडं सरपणाची कधी ददात नव्हती. डोंगरात जायचं, वाळकी फाटी मोडायची, मोळी बांधून आणायची. घरही कुडाचं, धूर फटींतून आपला आपण निघून जायचा. भोरातल्या खोल्या मातीच्या जाड भिंतींच्या, ठेंगण्या, एकुलत्या खिडकीच्या. सरपण मोळीवाल्या बायांकडून घ्यावं लागे आणि पावसाळ्यात ते हमखास ओलं निघे. जाळ धरायच्या आधीच घर धुरानं कोंदून जाई. बनाबाईचे डोळे बारमाही लाल असत. पण चूल म्हटली की धूर आलाच, असं ती धरून चालली होती. गेनूचं लग्न होईपर्यंत तिनं त्याचा कधी वेगळा विचार केला नाही.

सून आंबवड्याची. नाव चंद्रा. रंगानं सावळी, हसरी, आणि छातीनं नाजूक. चुलीपुढं बसली की थोड्या वेळानं तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येई. मग खोकला, मग धाप. ओठ निळसर पडत. पहिल्या पावसाळ्यात एकदा ती फुंकणी हातात धरूनच कलंडली, तेव्हा बनाबाईनं तिला उचलून पडवीत आणलं आणि सांगितलं,

"आजपासनं तू चुलीला शिवू नगंस. म्या करते."

"असं कसं आत्याबाई? लोक काय म्हनतील?"

लोक म्हणायचे ते म्हणालेच. शेजारची फुलाबाई आडावर सगळ्यांदेखत म्हणाली, "बनाबाईच्या घरी सासू फुंकतीया अन् सून वारा खातीया." बनाबाईनं कळशी डोक्यावर घेता घेता उत्तर दिलं, "भाकरी कुनी का थापंना. तिचा जीव हाय तवर माझं घर हाय."

मुलगी नाही म्हणून म्हणा, की आळीत दुसरं कुणी आपल्या गावचं नव्हतं म्हणून म्हणा, त्या दोघींचं सूत असं जमलं की गेनू कधी कधी पाहुण्यासारखा वाटे. चंद्रा पडवीत बसून भाजी निवडायची, सासू आत भाकऱ्या थापायची, आणि दारातून दोघींच्या गप्पा चालायच्या.

बऱ्याच वर्षांनी चंद्राला दिवस गेले. धाप वाढली. गेनू तिला संस्थानच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं आणि म्हणाले, "औषधापेक्षा हिला धूर नको. घरात धूर आहे तोवर ही बरी व्हायची नाही."

घरी येऊन गेनूनं हे सांगितलं तेव्हा बनाबाई चुलीपुढंच होती. तिनं पेटतं लाकूड ओढून पाण्यात बुडवलं. चर्रर्र झालं. म्हणाली, "मग ही चूलच नगं आपल्याला."

पण चूल नको म्हणजे काय हवं, हा प्रश्न होता. गेनूनं आधी पत्र्याचं धुराडं बनवून घेतलं आणि कौलं काढून वर सोडलं. चार दिवस बरं चाललं. मग पश्चिमेचा वारा सुटला आणि वर गेलेला धूर तोच खाली ढकलू लागला. बाजारात कुणीतरी भुशाची शेगडी सांगितली. तेलाच्या डब्यात लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि खालून काडी लावायची. तीही आणून पाहिली. भुसा दमट निघाला, दिवसभर धुमसत राहिला.

समोरच्या घरात खुर्शिदा राहायची. तिचा नवरा मुबारक पुण्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. त्यानं पुण्याहून घासलेटचा स्टोव्ह आणला होता, पितळेचा, झगझगीत. आळीत तो पहिलाच. खुर्शिदा म्हणाली, "मावशी, तुमी बघा तर. धूर न्हाई, राख न्हाई. लगेच च्या तयार."

बनाबाई आणि चंद्रा दोघी बघायला गेल्या. खुर्शिदानं पिनेनं भोक साफ केलं, वाटीत तेल ओतून पेटवलं, पंप मारला. निळा जाळ फुर्रकन उठला आणि खोलीभर असा आवाज भरला की एकमेकींशी मोठ्यानं बोलावं लागलं. चंद्रा हरखली. तिला एकदाही खोकला आला नाही. पण बनाबाईनं त्यावर तवा ठेवून भाकरी टाकली तर ती मधे करपली आणि कडेला कच्ची राहिली. फुलवायला निखारे नव्हतेच.

"भाकरीचं काय न्हाई, आत्याबाई," चंद्रा हळूच म्हणाली. "शिकू आपन."

बनाबाईही त्याच विचाराला आली होती. गेनूनं पुण्याहून आणायचं ठरवलंसुद्धा. मधेच एके सकाळी खुर्शिदाच्या घरातून किंकाळी आली. बनाबाई धावली. स्टोव्ह नीट तापायच्या आधी पंप मारला गेला होता, तेल उडालं होतं आणि पिवळा भडका आढ्याला भिडत होता. मुबारक घरात होता म्हणून निभावलं. त्यानं ओली गोणी टाकून जाळ दाबला. खुर्शिदाची ओढणी मात्र जळून कोपरापर्यंत हाताला चिकटली होती.

बनाबाईनं तिच्या हाताला लोण्याचा लेप लावला, घरी आली आणि पडवीत बसून राहिली. "पोटुशी बाई अन् त्यो राक्षस. न्हाई," ती म्हणाली.

उरली कोळशाची शेगडी. वेल्ह्याकडच्या डोंगरात भट्ट्या लागत, तिथून तट्टांवर कोळसा येई. हॉटेलवाले आणि इस्त्रीवाले तो घेत. बनाबाईनं लोखंडी, जाळीची, तीन पायांची शेगडी निवडली. पडवीत पेटवली, वारा घातला, कोळसे लाल झाले, त्यांच्यावर पांढरी साय धरली, तेव्हा उचलून आत आणली. मग तिनं एक गोष्ट केली. शेगडीवर वाकून तिनं आपले डोळे उघडे ठेवले. पाणी आलं नाही. चंद्राला जवळ बसवलं. चंद्रा बसली, बोलत राहिली, खोकली नाही. भाकरी टाकली, ती निखाऱ्याला लावली, टम्म फुगली.

"गेनू, हीच," बनाबाई म्हणाली. "धूर न्हाई, भडका न्हाई, आवाज न्हाई. गुमान बसती एका जागी."

त्या दिवशी ती फार खूष होती. फुलाबाईला बोलावून तिनं शेगडी दाखवली. म्हणाली, "म्याच निवडली."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा चंद्रा बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव सखू ठेवलं. बाळंतपण अवघड गेलं, पण छातीनं साथ दिली, आणि त्याचं श्रेय सगळ्यांनी शेगडीला दिलं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याचा शेक ठेवायची रीत होतीच. पूर्वी घरात चूल पेटलेली असे, धूर असह्य होई आणि दार आपसूक उघडं राही. आता धूर नव्हता, त्यामुळे दार उघडायचं कारणही उरलं नव्हतं.

आषाढात झड लागली. नदीकडून पावसाचे सपकारे खिडकीतून आत येत. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून बनाबाईनं खिडकीत गोणपाट ठासून बसवलं. कौलांच्या फटींतही चिंध्या कोंबल्या. खोली उबदार झाली. चंद्रा म्हणाली, "आईच्या घरीबी इतकं सुख न्हवतं मला."

त्या झडीतच एका दिवशी बाजार होता. रात्रभर सखू रडली होती, चंद्राचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी खुर्शिदा आली आणि पोरीला ओढणीखाली घेऊन आपल्या घरी गेली. "निवांत झोप गं. भूक लागली की आनते तिला."

बनाबाईनं शेगडी भरून बाजेखाली सारली. तिला बाजारातून खारका आणि डिंक आणायचा होता. निघताना ती दारात थांबली. "वारं दार ढकलतंय. आतनं कडी लावून घे अन् पड."

"व्हय, आत्याबाई."

कडीचा आवाज ऐकूनच ती पायरी उतरली.

पावसामुळं बाजार पातळ होता, तरी तिला उशीर झाला. परत आली तर खुर्शिदा सखूला घेऊन दारात उभी होती. पोर भुकेनं किंचाळत होती. "मावशी, मी लई येळ हाका मारतीया. झोप लई लागलीय वाटतं."

बनाबाईनं दारावर थापा मारल्या. हाका मारल्या. मग तिच्या हातातली पिशवी गळून पडली. मुबारकनं धावत येऊन खांद्यानं दार उचकटलं.

आत धूर नव्हता. कसला वासही नव्हता. चंद्रा कुशीवर निजली होती, पांघरूण नीट, हात गालाखाली. गालांवर अशी लाली होती जशी तिच्या तोंडावर कधी कुणी पाहिली नव्हती. तब्येत सुधारल्यासारखी दिसत होती ती. बनाबाईनं तिला हलवलं, आणि हात लावताच तिला कळलं.

आळीत ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. कुणी बाळंतरोग म्हणालं, कुणी करणी, कुणी धरणात बुडालेल्या देवाचा कोप म्हणालं. डॉक्टर आले, त्यांनी खोली पाहिली, खिडकीतलं गोणपाट पाहिलं, बाजेखालची शेगडी पाहिली. गेनूला बाजूला घेऊन ते बोलू लागले. बनाबाई मधे जाऊन उभी राहिली.

"माझ्याम्होरं सांगा, साहेब."

डॉक्टर तिच्याकडं वळले. "आजी, बंद खोलीत कोळसा जळला की हवा विषारी होते. दिसत नाही, वास येत नाही. झोपेतच माणूस जातो. धूर असता तर ती खोकून उठली तरी असती. खिडकी जराशी उघडी हवी होती."

बनाबाई खिडकीपाशी जाऊन गोणपाट ओढू लागली. ते इतकं घट्ट बसवलं होतं की निघेना. तिची नखं तुटली, तरी ती ओढत राहिली. शेवटी खुर्शिदानं तिला धरून बाहेर नेलं.

गेनू आईला एका शब्दानं बोलला नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी ताटावरून उठताना तो म्हणाला, "धूर बरा व्हता, आये." एवढंच. पण त्या दिवसापासून तिनं वाढलेलं त्याच्या घशाखाली उतरेना. वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं आणि पुण्यात एका कापडवाल्याकडं काम धरलं. नवी बायको घेऊन तो तिकडं गेला. सखूला मागं ठेवून गेला.

सखू शेळीच्या दुधावर वाढली. दूध ऊन करायला बनाबाईनं पुन्हा चूल घातली. शेगडी तिनं नदीत टाकली. पोरीला ती कायम पडवीत निजवी, थंडीतसुद्धा. स्वतः मात्र धुरात बसून राही. डोळ्यांतून पाणी गळत असे, ते ती पुसत नसे. खुर्शिदा रागवायची, "मावशी, भाईर या ना!" तर म्हणायची, "असू दे. मला दिसतोय त्यो."

मग जर्मनीशी दुसरी मोठी लढाई सुरू झाली. घासलेट मिळेनासं झालं. एव्हाना आळीत चार-पाच स्टोव्ह आले होते, ते गप्प झाले आणि लोकांनी शेगड्या घेतल्या. पावसाळ्यात दारं बंद करून माणसं निखाऱ्याभोवती बसू लागली. तेव्हा बनाबाई काठी टेकत आळीतून फिरू लागली. बंद दार दिसलं की काठीनं ठोठावायची. "शेगडी हाय का आत? खिडकी उघडी ठिवा गं. पोरं हायती." लोकांनी आधी ऐकून घेतलं, मग टाळू लागले. अपशकुनी म्हातारी म्हणू लागले. फुलाबाईच्या सुनेला दिवस गेले होते. फुलाबाईनं दारातूनच तिला हाकललं, "तुझ्या घरचं पाप माझ्या उंबऱ्यावर आनू नगंस!" बनाबाई पावसात उभी राहिली. तिला राग आला नाही. "पाप माझंच हाय, फुलाबाई," ती म्हणाली. "खिडकी तेवढी उघड." फुलाबाईनं दार लावलं. थोड्या वेळानं आतून खिडकीची फळी सरकल्याचा आवाज आला, तेव्हा ती पुढं गेली.

सखू शाळेत जायच्या वयाची झाली आणि गेनू तिला न्यायला आला. त्याच्या दुसऱ्या बायकोला मूल झालं नव्हतं. बनाबाईच्या डोळ्यांना तोवर फक्त उजेड-अंधार कळत होता. तिनं पोरीची वेणी हातानं चाचपून घातली. गेनूला विचारलं, "तिकडं सैपाक कशावर करता?"

"शेगडीवर. सगळं पुणं शेगडीवर करतंय आता."

बनाबाईचे हात वेणीवर थांबले. गेनूच म्हणाला, "चाळीत मोठी खिडकी हाय. दोन हायत्या." बनाबाईनं वेणी पुरी केली. मुबारकनं सखूला मोटारीत पुढं, आपल्या शेजारी बसवून नेलं.

नंतरची दोन वर्षं बनाबाईची चूल क्वचितच पेटली. खुर्शिदा भाकरी-कालवण आणून द्यायची. खाल्लं तर खाल्लं. छातीत कफ भरला होता, बोलताना शीळ ऐकू यायची. पौषात एका दुपारी पडवीतल्या बाजेवर तिनं प्राण सोडला. उन्हाची तिरीप पायावर होती, आणि खुर्शिदा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. गेनू दुसऱ्या दिवशी पोचला. सखूला त्यानं आणलं नव्हतं. तिला ताप होता, असं तो म्हणाला. "खिडकी उघडी हाय न्हवं तिची?" खुर्शिदानं विचारलं.